अभिनंदनाचा आकडा

माझ्या बायकोला वाटायचं, माझ्याबद्दलचं सगळं तिला ठाऊक आहे. चारचौघांत ती तसं बोलूनही दाखवायची — "यांच्या पोटात काही राहत नाही." मी हसायचो. ती जाईपर्यंत मी तिचा हा समज मोडला नाही. मुलांना सांगितलं नाही, मित्रांना नाही, देवासमोर बसूनसुद्धा नीट शब्दांत नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे बोलायची छाती माझ्यात अजूनही नाही.

कुठून सुरू करू?

परवा नातू आला होता. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याची कुरकुर चालली होती — ऑफिसची पत्रं म्हणे एका ठरावीक कंपनीच्या प्रोग्रॅममध्येच नीट उघडतात, दुसऱ्यात उघडायला गेलं की काही येतं, काही गळतं. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, "त्यांची आपापसातली भाषा आहे, आजोबा. बाहेरच्याला कळू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली. म्हणजे गिऱ्हाईक कुठं जात नाही." आणि हसला. मला हसता आलं नाही. मी उठून परसात गेलो आणि जास्वंदीला पाणी घालत बसलो. सकाळी घातलेलं होतं, तरी.

मी तारमास्तर होतो. सातारा जिल्ह्यात, रहिमतपूरच्या पलीकडं एका गावात माझी नेमणूक होती. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून आहेत. सत्तरचं दशक. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. पोस्टाच्या खोलीत एका कोपऱ्यात माझं टेबल, टेबलावर पितळेचा खटका, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला सांगली जिल्ह्यातली, तासगावच्या पुढची एक कचेरी. इकडं मी खटका दाबायचा, तिकडं कडकट्ट वाजायचं. टिंब म्हणजे छोटा ठोका, रेघ म्हणजे लांब. ठोक्यांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. तिकडचा माणूस ते कानानं ऐकून कागदावर उतरवायचा आणि पोस्टमन तो कागद घेऊन सायकलवरून निघायचा. एवढंच काम. पण ते चालायचं कशावर? — दोन्हीकडच्या माणसांनी एकच भाषा बोलण्यावर. देशात कुठल्याही कचेरीत कुणीही बसलेला असो, माझा ठोका त्याला कळला पाहिजे आणि त्याचा मला. खात्याचं नियमांचं जाडजूड पुस्तक होतं ते त्याचसाठी.

तिकडच्या टोकाला तेव्हा शंकर होता. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चलाख — म्हणजे आम्ही स्वतःला चलाख समजायचो. आम्ही दोघांनी मिळून एक गंमत केली होती.

दिवाळी, लग्न, बाळाचा जन्म अशा शुभेच्छांच्या वाक्यांना खात्यानंच आकडे ठरवून दिलेले होते. पूर्ण वाक्य ठोकायचं नाही, नुसता आकडा पाठवायचा, तिकडचा माणूस यादीत बघून वाक्य लिहायचा. आम्ही म्हटलं, शुभेच्छांवरच का थांबायचं? गावाकडच्या बाकीच्या ताराही त्याच त्या असतात. कुणी आजारी, कुणी गेलं, कोर्टाची तारीख, फौजेतल्या पोराला रजा मिळाली नाही. मग आम्ही आमचे आकडे केले. खात्याचेच आकडे उचलले, फक्त आधी झटकन दोन टिंबं ठोकायची. दोन टिंबं आली की समजायचं, हा आपला. आणि अर्थ? — इथं माझा हात अडतो — अर्थ मुद्दाम उलटे लावले. लक्षात राहायला सोपे म्हणून. लग्नाच्या आशीर्वादाचा आकडा आमच्याकडं कोर्टाच्या तारखेचा. बाळाच्या जन्माच्या अभिनंदनाचा आकडा आमच्याकडं 'प्रकृती अत्यवस्थ, ताबडतोब निघा'. आम्हाला ते फार विनोदी वाटलं होतं. शंकर आमच्या जत्रेला आला तेव्हा त्यावरून आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

नियमात हे बसत नव्हतं. पण काम झपाट्यानं उरकायचं. साताऱ्याहून तपासणीला येणारे साहेब विचारायचे, एवढ्या तारा एवढ्याशा वेळात कशा निघतात हो तुमच्या? मी नुसता हसायचो. त्या हसण्यात काय होतं, सांगू? ही तार आता सरकारची राहिली नाही, आमची झाली. आम्ही दोघं सोडून हिच्यावर कुणाचं चालायचं नाही.

मग शंकरची बदली झाली.

त्याच्या जागी कोण आलं हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. फक्त हात कळला. तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसा आवाज वेगळा असतो. हा हात नवा होता. सावकाश, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं, पाटीवर गिरवल्यासारखं. पुढं आमच्या पोस्टमनकडून कळलं, ती बाई आहे. कुसुम नाव. कवठे महांकाळकडची. बाप अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर चाललेलं, आणि नोकरी अजून कायम झालेली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. माहीत नव्हतं म्हणून झालं, असं काही मी पुढं म्हणणार नाही.

पहिल्याच आठवड्यात मी सवयीनं आमचा आकडा पाठवला. तिनं विचारलं — समजलं नाही, पुन्हा पाठवा. मी पुन्हा तेच. पुन्हा विचारलं. आता मी काय करायला हवं होतं? शंकरची आणि माझी खूण तिला सांगायची, नाहीतर ती खूण मोडून टाकायची आणि सरळ पूर्ण मजकूर पाठवायचा. दोन्हीतलं एकही मला कमीपणाचं वाटलं. मी चडफडत मजकूर पाठवला, पण इतक्या वेगानं की तिला मध्येच थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून एक ओळ आली — "कृपया नियमाप्रमाणे पाठवावे."

एवढीच ओळ. त्यात उद्धटपणा नव्हता, राग नव्हता. पण मला ती थोबाडीत मारल्यासारखी लागली. काल आलेली बाई मला नियम शिकवते? मी ते पोस्टात सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे हसले, आणि त्या हसण्याची मला चटक लागली. मग मी रोजच तिला छळू लागलो. तिनं पुन्हा विचारलं की गप्प बसायचो, तिला ताटकळत ठेवायचो. कधी उत्तर द्यायचो — शाळेत जा. कधी — कान साफ करा. लोकांच्या मजकुरांच्या मधल्या फटीत, सरकारी तारेवरून, मी तिला हे पाठवायचो. ती कधी उलट बोलली नाही. हळूहळू तिनं विचारणं कमी केलं. मग जवळजवळ बंदच केलं.

मला वाटलं, मी जिंकलो.

मात्र आजारपणाच्या, मरणाच्या तारा मी तिला पूर्ण मजकुरानंच पाठवायचो. तेवढी अक्कल मला होती. आणि म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे, कळतंय ना तुम्हाला? कुठं खेळायचं आणि कुठं नाही, हे मला कळत होतं.

त्या दिवशी सकाळी साताऱ्याचे साहेब तपासणीला आले होते. माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. मी पाठवलेल्या एका साध्या तारेवर तिकडून आलं — समजलं नाही, पुन्हा पाठवा. बऱ्याच दिवसांनी तिनं विचारलं होतं. साहेबांना ठोके कळत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं पाठवणं जरा गिचमिड झालंय का हो?" बस. एवढंच. चहा घेऊन ते निघून गेले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

आणि तेवढ्यात म्हादबा आला. गावालगतच्या वस्तीवरचा म्हातारा, पायात चप्पल नाही, धापा टाकत. त्याची मुलगी सुमन पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली होती. तिचा नवरा दत्तू तिकडं, तासगावच्या पुढं, द्राक्षाच्या बागेत कामाला. बाळ झालं होतं, मुलगी. पण सुमनचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, ऑपरेशन लागेल.

"मास्तर, जावायाला तार धाडा," म्हातारा म्हणाला. "पोरगी लय अवघड हाय. लगीच निघ म्हणावं."

मी म्हणालो, "आबा, जावयाची वाट कशाला बघता? न्या की तिला."

"आवं, दुसऱ्याच्या घरची लेक झाली ती. त्येला इचारल्याबिगर पोटाला कात्री लावू देऊ व्हय? उद्या काय झालं तर मी काय तोंड दावू?"

मी त्याच्याकडून कागद भरून घेतला, म्हणजे मीच भरला. 'सुमन अत्यवस्थ. ताबडतोब निघा.' नाव, पत्ता. म्हातारा समोर उभा. मी खटक्यावर बोट ठेवलं.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की हात सवयीनं गेला. खोटं आहे. हात जायच्या आधी मी थांबलो होतो. माझ्या डोक्यात साहेबांचा तो शब्द होता, गिचमिड, आणि तिचा तो स्वच्छ सुटा हात होता, आणि मला वाटलं — बघू आता कशी वाचते. अडेल, पुन्हा विचारेल, मग ताटकळत ठेवू थोडं आणि देऊ पूर्ण मजकूर. पत्ता पाठवला. दोन टिंबं. आकडा. खाली म्हादबाचं नाव.

तिकडं शांतता झाली.

ती शांतता मला ओळखीची होती. ती अडली होती. तिचा हात खटक्यावर होता आणि ती विचारू का नको, या घोरात होती — मला हे इथं बसून दिसत होतं, तिला कधी पाहिलेलं नसताना दिसत होतं. मी वाट बघितली. मग ठोका आला — मिळाली.

मिळाली! म्हणजे विचारलंच नाही. कसं विचारेल? तिचं विचारणं मीच मोडून काढलं होतं. आता तरी मी तिला थांबवायचं होतं. खटका माझ्या बोटाखाली होता. एक शब्द पुरला असता. पण मी काय केलं? मनात म्हणालो, आली असेल तिला आपली खूण एवढ्या दिवसांत, कुणी सांगितली असेल. आणि म्हादबाला म्हणालो, "पोचली बरं का तार. संध्याकाळपर्यंत येतील जावई."

असं म्हणून मी चहाला गेलो.

तिकडं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. तिला दोन टिंबं हाताच्या थरथरीसारखी वाटली. तिनं नियमाप्रमाणे खात्याची यादी पाहिली. यादीत होतं, नव्या बाळाच्या आगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली सासऱ्याचं नाव. बाळंतपण होणारच होतं, सासऱ्यानं आनंदाची तार केली, यात कुणाला काय वावगं वाटणार? पोस्टमननं ती तार दत्तूच्या हातात दिली आणि त्याच्याकडून चहाला पैसे घेतले. दत्तूनं बागेतल्या सगळ्या गड्यांना जिलबी वाटली. मालकाकडून रजा मागून घेतली, पण हातातलं काम संपल्यावरची. तासगावच्या बाजारातून झबलं-टोपडं घेतलं, चांदीचे वाळे घेतले.

इकडं म्हादबा दारात बसून राहिला. संध्याकाळच्या एसटीची वाट बघितली. मग म्हणाला, सकाळच्या गाडीनं येतील. सकाळपर्यंत सुमन राहिली नाही. जावई वाटेतच असतील असं धरून दुसरी तार कुणी केली नाही. नेलं असतं तर वाचली असती का? डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि मी त्यांना विचारलं नाही. मला ते उत्तर नको होतं.

दत्तू आला तेव्हा राखही सावडून झाली होती. एसटीतून तो हसत उतरला, असं लोक सांगतात. हातात पिशवी. स्टँडवरच्या माणसांनी माना खाली घातल्या, कुणी बोलेना. त्याला वाटलं, मुलगी झाली असेल म्हणून गप्प असतील, आणि तोच म्हणाला, "आवं, मुलगी झाली तर काय झालं?"

चौकशी झाली. ती मी सगळ्यात नीट पार पाडली. माझ्याकडं म्हादबाचा कागद होता, त्यावर पूर्ण मजकूर, माझी सही, पाठवल्याचा शेरा. तिच्याकडं अभिनंदनाची तार. चूक कुणाची, हे कुणालाही दिसत होतं. ठोका हवेत विरून जातो, त्याचा पुरावा राहत नाही. तिनं जबाबात सांगितलं होतं की मजकूर आला नाही, आकडा आला, आणि आकड्याआधी दोन टिंबं होती. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, ही टिंबं कसली? मी म्हणालो, "काय ऐकलं बाईंनी, देव जाणे. नवीन आहेत. नेहमीच पुन्हा पुन्हा विचारायच्या." तिचं विचारणंसुद्धा मी तिच्याविरुद्ध वापरलं. ते साहेबांनी लिहून घेतलं. कुसुमला काढून टाकलं.

शंकरला कुणीतरी हे सांगितलंच असणार. पुढं एका लग्नात तो भेटला. त्यानं मला फक्त एवढं विचारलं, "गड्या, दोन टिंबं हुती म्हनं?" मी म्हणालो, जेवायला बसू या. आम्ही शेजारी बसून जेवलो. त्यानंतर तो मला भेटला नाही, मीही त्याच्याकडं गेलो नाही.

द्राक्षाचा हंगाम आला तेव्हा दत्तू एकदा पोस्टात आला. मुलीला भेटायला आला होता. ती म्हादबाकडंच वाढत होती. त्यानं द्राक्षांची करंडी माझ्या टेबलावर ठेवली. "साहेब, तुमी बराबर धाडली हुती तार. म्हादबा मामानी सांगितलं मला. तुमचा काय दोष न्हाई." मी नको म्हणालो. खरंच म्हणालो. पण दोनदाच. मग करंडी घरी नेली. मुलांनी उड्या मारल्या. बायकोनं धुऊन ताटात दिली आणि मी खाल्ली. गोड होती. हेही सांगायला हवं.

पण हे सगळं झाल्यावरही एक गोष्ट उरते. मी मघापासून तिच्याभोवतीच फिरतोय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

कुसुम मला भेटायला आली होती.

नोकरी गेल्यावर काही महिन्यांनी. दुपारची वेळ, पोस्टात गर्दी नव्हती. सुती साडीतली एक किरकोळ बाई खिडकीशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, तार करायची आहे का? ती म्हणाली, "नाही. मी कुसुम." मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती. मी तिला आत बोलावलं, स्टूल दिलं. ती बसली नाही.

तिनं भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. रडली असती तरी. ती म्हणाली, "मास्तर, मी काही मागायला आले नाही. नोकरी गेली ती गेली. सांगलीला टायपिंग शिकते आहे, होईल काहीतरी. मला फक्त एक विचारायचंय. तुमच्यामाझ्यातच राहील."

मी टेबलावरचे कागद एकसारखे करू लागलो.

"तुम्ही आकडाच पाठवला होता ना?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. माझ्या टेबलावरचं यंत्र शांत होतं.

"मला अजून ऐकू येतं ते," ती म्हणाली. "दोन टिंबं, मग आकडा. पण सगळे म्हणतात, मजकूर आला होता, तू भलतंच ऐकलंस. कागदही तसंच सांगतो. आता मला माझंच खरं वाटेना झालंय. घरी कुणी हाक मारली तरी मी दोनदा विचारते, मला म्हणालात का? ती बाई माझ्यामुळं गेली का, एवढं मला कळू दे. तुम्ही हो म्हणालात तरी मी कुठं बोलणार नाही. आईची शपथ."

ती खरं बोलत होती. ती कुठं बोलली नसती. माझी नोकरी, माझी इज्जत, माझी मुलं, कशालाही धक्का लागणार नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो. एक 'हो' म्हणायला मला काहीही मोजावं लागणार नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? मीही तेच विचारत आलोय. मला एवढंच कळलंय की ती माझ्यासमोर उभी होती, आणि तिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही. मी पूर्ण मजकूर पाठवला होता."

तिनं मान हलवली, शिक्षकानं गणित चुकलं म्हटल्यावर पोर हलवतं तशी. "बरं," म्हणाली. पदर सावरला, आणि एसटी स्टँडच्या रस्त्यानं निघून गेली. मी खिडकीतून बघत होतो. ती खाली बघून चालत होती.

तिनं बरोबर ऐकलं होतं. दोन टिंबं, मग आकडा. मी तेवढंच पाठवलं होतं.